पालखीची यादी आणि फुकटची हत्यारं

माझी हत्यारं दोन ठिकाणी असतात. थापी, गुण्या आणि ओळंबा पडवीच्या खुंटीला. बाकीची त्या काळ्या कॉम्प्युटरात, जो मी रोज सकाळी चहा झाल्यावर उघडतो. पडवीतली मी विकत घेतली, कॉम्प्युटरातली फुकट आली. पन्नास वर्षं चिऱ्याची घरं बांधताना मी एक नियम पाळला होता, फुकटचं हत्यार हातात घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या थापीने लिंपलेला सांधा मला आपला वाटत नाही. तो नियम म्हातारपणी मोडला. कसा मोडला ते मीच लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो पोट धरून हसेल. मी लिहिलं तर निदान हसण्याचं माप माझ्या हातात राहील.

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथीत नापास, असं आमचे गुरुजी सांगत फिरतात, ते खोटं आहे. मी पास झालो आणि मग गेलो नाही. हे गुरुजी म्हणजे मला शिकवणारे नव्हेत. माझ्याच वर्गात, माझ्याच तरटावर बसणारा मुलगा पुढे शिकला, मास्तर झाला, गावोगाव नोकरी करून निवृत्त झाला आणि वाडीत परत आला. वाडीच्या अगदी वर, देवळाजवळ, त्याचं घर. सगळी वाडी त्याला अहो-जाहो करते. ज्याचा शेंबूड मी पाहिलाय त्याला अहो म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कॉम्प्युटर आणला सुनेने. ती घाटावरची, फोंडाघाट चढून पलीकडची. कणकवलीला एका शाळेच्या ऑफिसात कामाला जाते. तिथे नवीन मशीनं आली, जुनी भंगारात निघाली, त्यातलं एक तिने साहेबांना विचारून मागून घेतलं.

“मामा, ह्यात मी लिनक्स घातलंय,” ती म्हणाली. “आता हे अजून दहा वर्षं चालेल.”

“केवढ्याक पडला ता लिनक्स?”

“फुकट.”

“मगे परत नेऊन दी.”

तिने परत नेलं नाही. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलं. आठ दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्यानेही माझ्याकडे. हट्टी मी एकटाच आहे असा माझा समज होता, पण घाटावरची माणसंही कमी नसतात. नवव्या दिवशी भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, “मामा, वाडीची विहीर कुणी बांधली?”

“मी बांधलंय. कित्या?”

“मजुरी किती घेतलीत?”

“विहिरीची मजुरी घेतत काय गो? सगळ्यांनी मिळान खणली, मी चिरे लावलंय.”

“मग तिचं पाणी पिणारे सगळे फुकटे म्हणायचे का?”

मी भाकरीचा तुकडा मोडला. ती म्हणाली, “हे पण तसंच आहे. जगभरच्या माणसांनी मिळून बांधलंय. कुणीही यावं, पाणी न्यावं. आत बांधकाम कसं केलंय ते कुणीही उतरून बघावं. आणि ज्याला जमेल त्याने गाळ काढायला यावं.”

गाळ काढायचं म्हटल्यावर मला पटलं. आमच्याकडे विहिरीचा गाळ काढायला वैशाखात सगळी वाडी जमते, आणि जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. म्हणजे इथेही नुसतं खाणं नव्हतं, देणंही होतं. मी हात धुतले आणि म्हणालो, “उघड बघूया.”

शिकायला सगळा पावसाळा गेला. बोटं चिऱ्याला सवकलेली. एक अक्षर दाबलं की तीन उमटायची. पण जे आवडलं ते आवडलंच. सगळ्यात आधी आवडलं व्हीएलसी. त्याची खूण म्हणजे रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला केशरी शंकू. हायवे रुंद होत होता तेव्हा कणकवलीपासून तळेऱ्यापर्यंत तसले शंकू बघून माझं डोकं उठलं होतं, त्यामुळे मी आधी त्याला हात लावेना. पण ते गाणं म्हणू नका, नाटक म्हणू नका, मुलीच्या लग्नाची ओरखडे पडलेली सीडी म्हणू नका, घालाल ते चालवतं. गावातल्या कुत्र्यासारखं, पानात पडेल ते गोड. दुसऱ्या मशीनवर हीच सीडी घातली तर ते मशीन म्हणायचं की हे मला चालत नाही. अन्नाला नावं ठेवणाऱ्याशी माझं लहानपणापासून जमत नाही.

मग लिबरऑफिस. त्यात मराठीत लिहिता येतं, खोडता येतं, आणि खोडलेलं परत आणता येतं. हे शेवटचं मला तेव्हा फार मोठं वाटलं नाही. चुकत नाही त्या माणसाला खोडलेलं परत आणायचं काय काम, असा माझा हिशेब होता.

ह्या सगळ्यांचं आतलं बांधकाम उघडं असतं, हे सुनेने सांगितल्यापासून मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला. मी घरांना गिलावा करायच्या विरुद्ध. चिऱ्याची भिंत उघडी ठेवली की गवंड्याची अब्रू उघडी राहते, सांधा चुकला तर येणारा-जाणारा बोट ठेवतो. गिलाव्याखाली काय वाटेल ते झाकता येतं. आता त्या उघड्या बांधकामातलं मला एक अक्षर वाचता येत नाही, हे खरं. पण वाचणारे आहेत आणि ते बोट ठेवतात, एवढ्यावर माझं भागतं.

घेतलं तर दिलं पाहिजे, म्हणून मी गाळ काढायला कुठे जाऊ असं सुनेला विचारलं. तिने नकाशा दाखवला. ओपनस्ट्रीटमॅप त्याचं नाव; माणसांनीच थोडा थोडा काढलेला जगाचा नकाशा. त्यात आमची वाडी म्हणजे हिरवा डाग आणि एक रेघ. तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणारा रस्ता, तिथून फुटलेला आमचा फाटा, आणि फाट्याच्या पुढे जणू कुणी राहतच नव्हतं. मला राग आला. त्या हिरव्या डागातली निम्मी घरं मी बांधलेली! महिनाभर रोज बसून मी एक एक पाणंद घातली. देवळाच्या पायऱ्या घातल्या. विहीर घातली. मधल्या घरापासून, म्हणजे आमच्या दारापासून, खाडीच्या बांधावरून आगरातल्या घरापर्यंत जाणारी वाट घातली. ते घर वाडीच्या शेवटाला, माडांच्या आगरात, एकटंच. तिथे वयनी राहते. माझ्या मित्राची बायको. मित्र गेला, लेक गोव्यात दिली, वयनी राहिली. त्या घराचा जोता मी बांधला तेव्हा ती नवी नवरी होती.

गुरुजी रोज सकाळी पडवीत येऊन बसतो. त्याच्याकडेही कॉम्प्युटर आहे, मुलाने मुंबईहून आणून दिलेला, चकचकीत.

“काय रे, इलो काय तुझो फुकटचो देव जाग्यार?” तो विचारतो.

“इलो. तुझो काय म्हणता?”

“मुदत संपली म्हणता. पैसे भर म्हणता.”

“माझो तसा कायएक म्हणना नाय.”

“फुकट गावला म्हणान कोण कायव घेता काय? आणि ही पाणंद कित्या काढलंस नकाशात? जगातलो कोण येतलो ती बघूक?”

“कोण नाय इलो तरी चलात. तू खंय चुकलंस तर घराक येतलंस.”

ह्या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो. पुढे तेच वाक्य त्याने मला परत केलं, ते सांगतो.

शिमग्यात आमच्याकडे पालखी घरोघर जाते. एकतीस घरं. दुपारी मांडावरून, म्हणजे शिमग्याच्या ठरलेल्या जागेवरून, निघते. पहिला मान वरच्या घराचा, म्हणजे गुरुजीचा. मग क्रमाने खाली खाली येत शेवटी आगरातलं घर. तिथे पोचेपर्यंत काळोख पडतोच. पालखीच्या पुढे निशाण धरून चालायचा मान आमच्या मधल्या घराचा, आणि निशाणवाला ज्या दारात थांबेल तिथे पालखी थांबते. हा क्रम कुठेही लिहिलेला नव्हता. आधी माझ्या बापाच्या डोक्यात होता, मग माझ्या.

त्या वर्षी नकाशा काढून मला सहा महिने झाले होते. तिसाव्या घराचा नारळ घेतला आणि मी निशाण फिरवलं. “झाली सगळी घरां. चला मांडार.”

गुरुजी मागून म्हणाला, “एक रवला काय रे? माका वाटता…”

“माका शिकवतंस? किती शिमगे काढलंय मी, म्हायत आसा?”

तो मान हलवून मागे सरला. बाकीचे दमलेले, आणि माझ्याशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं. पालखी मांडावर परत गेली.

दुसऱ्या दिवशी कळलं. वयनीने अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती, ताटात नारळ ठेवून ती पायरीवर बसून राहिली होती. ढोलाचा आवाज जवळ आला, थांबला आणि लांब गेला. मी वाडीत सांगून टाकलं की भोई दमले होते, त्यांचे पाय उचलेनात, म्हणून राहिलं. भोयांनी ऐकलं आणि सोडून दिलं. वयनी विहिरीवर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “दमले असतीत हो, भावजी. आगर लांब पडता.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गुरुजीने मात्र सोडलं नाही. “नकाशात घातलंस आणि पायान इसारलंस! आता तू खंय चुकतंस ता नकाशाक सांगूक होया.” आणि वर, “क्रम लिवन ठेव. पण लिवतलो कोण? चौथीतलो?”

वयनी सत्तरी ओलांडून गेलेली. तिच्या दाराशी पालखी न पोचण्याचं दुसरं वर्ष आलं तर ते भरून काढायला मला तिसरं मिळेल की नाही, देव जाणे. आणि माझ्या डोक्यातून एकदा निसटलेलं घर पुन्हा निसटणार नाही, ह्याची खात्री मलाच उरली नव्हती. हे मी कुणाला बोललो नाही. पुढचा शिमगा जवळ आला तेव्हा सुनेला एवढंच म्हटलं, “माका यादी करूची आसा.”

तिने लिबरऑफिसातलं कॅल्क उघडून दिलं. “हे बघा मामा, चौकोन. एका चौकोनात एक घर लिहा, म्हणजे झालं.” आणि ती कणकवलीच्या एसटीला धावली.

मी बघत राहिलो. पडदाभर चौकोन. थरावर थर, सांधे सरळ, एकही चिरा तिरका नाही. इतकी सुबक भिंत मी जन्मात बघितली नव्हती. वरून एकतीस थर मोजले, एकतिसाव्यावर आलो, आणि त्या खालच्या चौकोनात लिहिलं, वरचं घर. पहिला मान, म्हणजे पाया. त्याच्यावर चिंचेखालचं. त्याच्यावर कातळावरचं. असं चढत चढत, विचार करून, दर थराला ओळंबा लावल्यासारखं तपासून, दुपारी दोनच्या सुमाराला अगदी वरच्या चौकोनात पोचलो आणि लिहिलं, आगरातलं घर. ते लिहिताना जरा थांबलो. मग तीनदा वाचून बघितलं, राहिलं नाही ना. कपाळाचा घाम पुसला. एकाही घराला आकडा घातला नाही. भिंतीला कोण आकडे घालतं?

लिबरऑफिसात एक बटण आहे. ते दाबलं की कागदाची पीडीएफ होते आणि मग कुणाला त्यात काडी घालता येत नाही. ते मला फार आवडतं. मी वर ‘पालखीचा क्रम’ असं ठळक लिहिलं, बटण दाबलं, आणि यादी वाडीच्या ग्रुपवर टाकली. मुंबईत राहणाऱ्यांचे अंगठे आले, फुलं आली. तळेऱ्याला जाऊन एक प्रत छापून आणली आणि मांडावरच्या खांबाला लावली. तीन दिवस मी मान ताठ ठेवून वाडीतून फिरलो.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी आला तो पायरीवरूनच ओरडत.

“मेल्या! माझा घर एकतिसावा?”

“एकतिसावा कसा? पयला आसा.”

“शेवटाक लिवलंस!”

“शेवटाक नाय. सगळ्यात खाल.”

“खाल म्हणजे शेवटाकच मां रे?”

“पायो खाल घालतत. तुझ्या घराचो मी काय वर घातलंय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पडवीच्या कट्ट्यावर बसला. त्याचं पोट हलायला लागलं. “अरे, कागद वरसून वाचतत रे!”

“भिंत खालसून बांधतत.”

“ही भिंत नाय, यादी आसा!”

“ते चौकोन माझ्या बापाशीन काढल्यान काय? दिसाक भिंत दिसता ती भिंतच.”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मलाच पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन म्हणाला, “फुकटच्या कॉम्प्युटराक दोष नाय हो. कॉम्प्युटर बरो आसा. गवंडी पक्को आसा.” आणि जाता जाता, “सांजपर्यंत सारख्या कर. नायतर वरच्या घराचो मान खाडीत गेलो म्हणान लोक हसतले.”

दिवसभर बसून मी ते सारखं केलं. सुनेने एकदा दाखवलं होतं तसे शेजारच्या चौकोनांत आकडे घातले आणि क्रम लावायची कळ दाबली. अख्खी भिंत डोळ्यांदेखत उलटी झाली. चिऱ्याची भिंत अशी फिरवायची तर चार गडी आणि आठ दिवस लागतील. इथे एक टिचकी. नवीन पीडीएफ केली. ग्रुप उघडला. आता पाठवायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात सून आली. पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, “मामा, येताना आगरातून आले. वयनींनी हाक मारली म्हणून. अंगण सारवतायत आत्तापासून. लेक पण येतेय गोव्याहून. मला तीनदा विचारलं त्यांनी, ‘देव उजेडात येतलो मां गो?’”

“उजेडात कित्या?”

“दिवेलागणीनंतर त्यांना माणसाचा नुसता ठिपका दिसतो. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढीच नजर, आता वाढायची नाही. सात वर्षं देवाचं तोंड दिसलेलं नाही म्हणाल्या. पालखी काळोखात येते, त्या आवाजाच्या बाजूला हात जोडतात.”

“माका कोणी बोलूक नाय!”

“कुणी विचारलं त्यांना? ढोल येतो, नारळ घेतो, जातो.”

ती चहा ठेवायला आत गेली. मी पडद्यासमोर बसून राहिलो. दोन याद्या शेजारी शेजारी. एक सरळ, एक माझी. सरळ यादीच्या बटणावर बाण नेऊन ठेवलेला. दाबलं की माझी चूक पुसली जाणार होती, गुरुजीचा मान जागेवर येणार होता, आणि शिमग्याच्या दिवशी वयनी पुन्हा आवाजाच्या बाजूला हात जोडणार होती. न दाबता माझी यादी तशीच ठेवावी, तर क्रम का बदलला ते मांडावर सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर सुरुवात गेल्या वर्षापासून करावी लागणार.

सून चहा घेऊन आली. मी कॉम्प्युटर मिटला होता.

“पाठवली?”

“नाय.”

तिने कप माझ्यापुढे ठेवला. चहात साखर जास्त घातली होती.

दुसऱ्या दिवशी मांडावर वाडी जमली, शिमग्याची कामं वाटून घ्यायला. मी उठलो. मी एरवी उठत नाही. बसल्या जागेवरूनच माझा आवाज पोचतो.

“गेल्या वर्सा आगरातला घर रवला,” मी म्हणालो. “भोई दमाक नाय होते. मी इसारलंय.”

गुरुजी समोरच बसला होता. कानाला हात लावून म्हणाला, “काय म्हणालंस? माका वायच कमी ऐकाक येता.”

“मी इसारलंय.”

“मोठ्यान सांग रे. मागच्यांका ऐकाक येवक नाय.”

“मी इसारलंय, मेल्या! आणि तू सांगत होतंस, ताव माझ्या कानाक पडला होता!”

मांडावर कुणी हसलं नाही. एक भोई फक्त “हां” म्हणाला, वर्षभर धरलेला श्वास सोडावा तसा. मग मी बाकीचं सांगितलं. वयनीची नजर, उजेड, उलटी यादी. आणि म्हणालो की मान वरच्या घराचा आहे, तो बदलायचा मला हक्क नाही. गुरुजी नाही म्हणाला तर मी आजच सरळ यादी लावतो.

गुरुजीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. नोकरीभर वर्गात त्याने हेच केलं असणार, पोरांना टांगून ठेवायला.

“मान म्हणजे पयलो नारळ,” तो शेवटी म्हणाला. “तो हयच मांडार माझ्या हातचो घेवा. मान थय संपलो. मगे पालखी जांवदे सरळ आगरात आणि खालसून वर येवंदे. गवंड्यान बांधल्यान तशी.”

“आणि तुझा घर शेवटाक?”

“शेवटाक इलात तर जेवण माझ्याकडे. पयले इलात तर नुसतो चाय गावता. ह्या पन्नास वर्सांत तुका कळाक नाय, कारण चौथी नापास.”

“पास!” मी ओरडलो, पण तोवर सगळे हसायला लागले होते.

शिमग्याच्या दिवशी ऊन अजून माथ्यावर होतं तेव्हा आम्ही खाडीच्या बांधावर आलो. ओहोटी लागलेली, चिखलात बगळे. ही वाट मी जगाच्या नकाशात काढलेली, आणि निशाण घेऊन तिच्यावर भर दुपारी मी पहिल्यांदाच चालत होतो. वयनी पायरीवर उभी होती. हिरवं लुगडं, हातात ताट, मागे लेक. ढोल अंगणात आले तशी ती ताट लेकीकडे देऊन पुढे आली आणि पालखीच्या दांड्याला हात लावून देवाच्या मुखवट्याकडे बघू लागली.

ढोलवाल्यांनी आपोआप हात थांबवले. ती अगदी जवळ गेली, कागद वाचतात तेवढ्या अंतरावर. कपाळ बघितलं, डोळे बघितले, मिशी बघितली. गाल पुसल्यासारखा बोटांनी चाचपला. गुरुजी माझ्या बाजूला उभा होता. तो उगाचच खाडीकडे बघायला लागला. मीही कुठेतरी बघितलं असतं, पण निशाणवाल्याला मान वळवता येत नाही.

“गो बाय,” वयनी लेकीला म्हणाली, “देवाच्या नाकार ह्यो पोचो कधी पडलो?”

सगळे पुढे वाकले. खरंच पोचा होता. चांदीच्या नाकाच्या शेंड्यावर, मुगाएवढा. दरवर्षी त्या मुखवट्याला हार घालणारे, उटणं लावणारे, खांद्यावर घेऊन नाचणारे, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाच्याच लक्षात आलेला नव्हता.

माझ्या होता. चार वर्षांपूर्वी चिंचेखालच्या घराच्या उतारावर माझा पाय घसरला आणि निशाणाची काठी मागे जाऊन लागली होती. काळोख होता. मी बोललो नव्हतो. आता कबूल करावं का, असं मनात आलं. पण माणसाने एका शिमग्यात किती कबूल करावं, ह्यालाही काही माप आहे. मी समोर माडाकडे बघत ताठ उभा राहिलो.

वयनीने देवाला नारळ ठेवला, कपाळ टेकलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या काठीकडे, मग काठीच्या टोकापासून देवाच्या नाकापर्यंत नजर नेली. उजेडात तिला चांगलं दिसत होतं.

“भावजी,” ती म्हणाली, “हय येवक उशीर करू नकात आता. आणि ता निशाण वायच लांब धरा.”